पोलादी नेता, उदार नेता आणि आमचा हौद

२ मार्च, रविवार. सकाळी सात.

भाषणाची सुरुवात ठरली. ‘आठ-आठ दिवस नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या सौहार्द अपार्टमेंटच्या माझ्या बंधू-भगिनींनो! तुमच्या घशाला कोरड पडली आहे, ती पाण्यावाचून नव्हे. अकरा वर्षं तुम्ही तोंड उघडलेलं नाही म्हणून पडली आहे!’ इथे थांबायचं. टाळ्या होऊ द्यायच्या. मग घोटभर पाणी प्यायचं. सुरेखा म्हणाली, त्या वाक्यानंतर पाणी पिऊ नका, बरं दिसत नाही. बायकोला वक्तृत्वातलं कळत नाही, पण मुद्दा बरोबर आहे.

आज सोसायटीची सर्वसाधारण सभा. अध्यक्ष कारभारीकाका, एसटी डेपोतून रिटायर झालेले कंट्रोलर. डेपोतली शिट्टी घरी आणली आणि इमारतीचा डेपो केला. नळाला पाणी आलं की शिट्टी. कोणत्या विंगला किती वेळ, ते हेच ठरवणार. शेजारच्या अभयनं पाइप लावून गाडी धुतली, त्याचं पाणी दोन दिवस बंद. आवडाबाई आंघोळीला बसल्या असताना मधेच पाणी तोडलं. बाई अंगाला साबण लावलेल्या. व्हॉल्व्हची किल्ली करदोट्याला बांधलेली. झोपतानासुद्धा.

हुकूमशाही याहून वेगळी नसते. मी या विषयावर सत्तर पुस्तकं वाचली आहेत. त्यातली निम्मी शेवटपर्यंत.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

जिंकलो! भाषण बत्तीस मिनिटं. आवेश शिगेला. मतदानात निर्विवाद बहुमत. (अभय म्हणाला, भाषण थांबावं म्हणून काहींनी लवकर हात वर केले. अभयची विनोदबुद्धी.)

कारभारीकाकांनी करदोट्याची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, “व्हय सर, करा तुमची लोकशाही. आमी बघतो खुर्ची टाकून.” शिट्टी मात्र दिली नाही. ती डेपोची आहे म्हणे.

जाताना आवडाबाईंनी अडवलं. नात श्रेया, तिचा साखरपुडा तेवीस तारखेला, आपल्याच गच्चीवर. पैठणहून दीडशे माणसं येणार. “सर, मला ते उदार-बिदार काय कळत नाय. त्या दिवशी हौद भरलेला पायजे. मुलाचा मामा लई तिरका हाये.” मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

३ मार्च, सोमवार

योगायोग बघा. पाच एप्रिलला औरंगपुऱ्यातल्या सभागृहात माझं व्याख्यान आहे: ‘देशाला कसा नेता हवा? पोलादी की उदार?’ आता माझ्याकडे नुसती पुस्तकं नाहीत, एक देशही आहे. तीन विंग, चोवीस फ्लॅट. इथे उदार राज्य करून दाखवायचं आणि तोच पुरावा व्यासपीठावर मांडायचा. जगातल्या किती वक्त्यांना ही सोय असेल?

चाळीस वर्षं बोलतो आहे. एप्रिलात माझ्या तारखा फुल असतात. गावोगावच्या जयंत्या केल्या, कॉलेजची गॅदरिंगं केली. लोक टाळ्या वाजवतात आणि चपला शोधतात. एकच इच्छा राहिली आहे. माझ्या एका वाक्यावर अख्खं सभागृह उठावं. म्हणून व्याख्यानाचा शेवटचा शब्द आत्ताच लिहून ठेवला: ‘उठा!’

४ मार्च, मंगळवार

कारभारीकाकांकडून हौदाची माहिती घेतली. अपमान गिळून. भानगड अशी: नळाची लाइन सोडली की लाइनमन राजकुमार फोन करतो. सुरुवातीचं पाणी गढूळ असतं. ते गटारीत सोडून द्यायचं. स्वच्छ यायला लागलं की व्हॉल्व्ह फिरवून हौदात घ्यायचं. उशीर झाला तर सगळं पाणी गटारीत. लवकर घेतलं तर हौदात चिखल. पाणी किती वेळ राहील, कुणी सांगू शकत नाही.

हे सगळं अकरा वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. काकांना हार्टचा त्रास झाला असता तर चोवीस कुटुंबं तहानली असती! पोलादी नेतृत्वाचा हाच धोका. मुद्दा लिहून ठेवला.

माझ्या राज्यात जलसमिती. मला धरून सात सदस्य. राजकुमार सगळ्यांना फोन करेल. सुरेखा म्हणाली, सातांनी धरलेला व्हॉल्व्ह फिरवणार कोण? मी म्हणालो, सामूहिक जबाबदारी. ती म्हणाली, तेच विचारते आहे.

६ मार्च, गुरुवार

पाणी आलं. राजकुमारनं सातही जणांना फोन केला. सातही जणांना वाटलं, बाकीचे सहा गेले असतील. शेवटी श्रेयाला ऑफिसला निघताना गटार वाहताना दिसली, तिनं पर्स सांभाळत व्हॉल्व्ह फिरवला. पाऊण हौद भरला. वाईट नाही. लोकशाहीत सुरुवातीला थोडी गळती धरायचीच.

७ मार्च, शुक्रवार

गळतीवरून आठवलं. मोठा शोध! हौदाला पूर्वेच्या कोपऱ्यात भेग आहे. अभयला दोन वर्षांपासून माहीत होती. काकांना का नाही सांगितलं? तर म्हणे, “सांगितलं असतं तर आधी विचारलं असतं, कुणी पाडली? आणि माझंच पाणी तोडलं असतं.” दोन वर्षं अख्खी इमारत गप्प, पाणी जमिनीत, आणि राजा शिट्टी वाजवतोय!

काय उदाहरण सापडलं आहे! पोलादी नेत्याला कुणी खरं सांगत नाही. देशोदेशीच्या मिशाळ आणि बिनमिशीच्या हुकूमशहांचं हेच झालं. पुस्तकात वाचलं होतं, आज कोपऱ्यात टॉर्च मारून बघितलं. माझ्याकडे लोक निर्भयपणे येऊन भेगेबद्दल बोलले. एका दिवसात अकरा जण. छाती भरून आली.

भेग बुजवण्यासाठी अभ्यासगट नेमला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड कोरडी की ओली, यावर कालच्या बैठकीत दोन तास चर्चा. मी कुणालाही थांबवलं नाही. ठराव असा झाला की ज्यांना कोरडी हवी त्यांनी कोरडी खेळावी, ज्यांना ओली हवी त्यांनी ओली. उदारमतवादाचा विजय. दुपारी हौदात दोन बोटं पाणी उरलं.

संध्याकाळी नळ आला. जलसमितीतले पाच जण रंगलेले, दोन झोपलेले. कारभारीकाका खुर्चीवरून उठले, व्हॉल्व्ह फिरवला, परत बसले. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, “आभार नगं. पोरीचा साखरपुडा हाये, म्हणून.” माणसाच्या मनातली सत्तेची ओढ जात नाही.

अभ्यासगटात फूट. एक बाजू सिमेंटची, दुसरी वॉटरप्रूफिंगची. मी दोन्ही बाजूंना वेळ दिला आहे. भेगेलाही मिळतो आहे.

१७ मार्च, सोमवार

आवडाबाई परत घरी. “सर, तेवीसचं जमतंय ना?” मी त्यांना उदार नेतृत्वाची तीन लक्षणं सांगितली. त्या चहा संपेपर्यंत ऐकत होत्या. मग सुरेखाला विचारलं, “बाई, ह्ये व्हय म्हणाले का नाय?”

सुरेखानं विचारलं, बाथरूममधले चार ड्रम कशासाठी भरून ठेवलेत? मी म्हणालो, राज्यकर्त्यानं आपत्कालीन साठा ठेवायचा असतो. ती म्हणाली, कुणासाठी? हा प्रश्न मला खवचट वाटला.

२२ मार्च, शनिवार. दुपारी.

उद्या साखरपुडा. नळ उद्या पहाटे येणार, असं राजकुमार म्हणाला आहे. हौदात तळाला थोडं आहे. चिंता नाही.

आज संध्याकाळी गच्चीवर व्याख्यानाची रंगीत तालीम ठेवली आहे. साखरपुड्यासाठी खुर्च्या, मांडव, माईक, सगळं आलेलंच आहे. जलसमितीला पहिली रांग. एकच नियम: मोबाईल बंद करून टोपलीत. मागच्या वेळी बैठकीत कुणाच्या तरी फोनवर लावणी वाजली होती. थोडी शिस्त हवीच. शिस्त म्हणजे हुकूमशाही नव्हे.

सुरेखा म्हणाली, निदान एक तरी फोन चालू ठेवा. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. माझाही टोपलीत टाकला.

त्याच दिवशी, संध्याकाळी पावणेआठ.

आजवरचं सर्वोत्तम भाषण! सर्वांनी मोबाईल बंद केले. सत्तेवर आल्यापासून माझा एखादा आदेश चोवीसच्या चोवीस घरांनी पाळण्याची ही पहिलीच वेळ. ‘जनतेची शक्ती प्रवाहासारखी असते’ या वाक्याला तर खालून खरोखर खळखळ असा आवाज येऊ लागला. भाषण संपेपर्यंत येत होता. निसर्गसुद्धा साथ देतो कधी कधी. कारभारीकाका खुर्चीवर चुळबुळत होते, दोनदा उठले. मी हातानं खूण करून बसवलं. खरं ऐकवत नाही काही जणांना.

सव्वाआठ.

ते पाणी होतं.

टोपलीतले फोन सुरू केले तर राजकुमारचे माझ्यासकट सातही जणांना मिस्ड कॉल. लाइन पहाटेऐवजी संध्याकाळीच सोडली होती. सगळं स्वच्छ पाणी गटारीतून गेलं. रस्त्यावर अजून चकाकतं आहे.

काका म्हणाले, “मी उठत होतो तर तुमीच हात केला. मला वाटलं, लोकशाहीत बसावं लागतंय.”

श्रेया गच्चीवरच्या झेंडूच्या माळांकडे बघत उभी होती.

२३ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण वस्तुनिष्ठ नोंद हवी.

काल सुरेखा आणि श्रेया दारोदार फिरल्या. ज्याच्याकडे जेवढं असेल तेवढं द्या म्हणाल्या. कुणी बादली दिली, कुणी हंडा. कारभारीकाकांकडे जिन्यावरच्या माळ्यात एक गुप्त टाकी निघाली, काठोकाठ भरलेली. अकरा वर्षांची शिस्त! मला हसू आलं. मग सुरेखानं आमच्या बाथरूमचं दार उघडून चार ड्रम बाहेर काढले. हसू गेलं. जिन्यात काका आणि मी समोरासमोर उभे होतो, मधे पाच जणी ड्रम उतरवत होत्या. एकमेकांकडे बघितलं नाही.

तरी दीडशे माणसांना पुरेल एवढं जमलं नाही. टँकरवाले म्हणाले, रविवारी गाडी मिळणार नाही. आवडाबाईंनी पैठणला फोन लावला. साखरपुडा पुढे ढकलला, सहा एप्रिलला. मुलाचा मामा फोनवर इतकं मोठ्यानं बोलत होता की आम्हाला जिन्यात ऐकू आलं: “पाहुण्यांना हात धुवायला पाणी नाय आन सोयरीक करायला निघाले? पुन्हा तारीख बदलली तर आमचं नाय म्हणून समजा.”

आवडाबाई फोन ठेवून म्हणाल्या, “व्हय, ऐकलं सगळ्यांनी?” मग घरात गेल्या.

२६ मार्च, बुधवार

विशेष सभा. मी राजीनामा देणार होतो. त्यासाठी चाळीस मिनिटांचं निवेदन तयार केलं होतं. सुरेखा म्हणाली, “राजीनामा द्यायचाय ना? मग द्या.” दिला. एका शब्दात. टाळ्या झाल्या. माझ्या सर्वात छोट्या भाषणाला सर्वात मोठ्या टाळ्या. यावर विचार करावा लागेल. नंतर.

अध्यक्ष कोण? काहींनी काकांचं नाव घेतलं. आवडाबाई म्हणाल्या, “साबण लावून बसायला मी पुन्हा नाय तयार.” मग अभयनं सुरेखाचं नाव घेतलं. सगळ्यांनी हात वर केले. मी क्षणभर केला नाही, मग केला.

सुरेखानं पाच मिनिटांत कामं वाटली. व्हॉल्व्हवर कारभारीकाका, पण किल्ली खिळ्याला टांगलेली, सर्वांना दिसेल अशी. काकांनी एक अट घातली, शिट्टी वाजवू द्या. मंजूर. एकदाच. भेग बुजवायला गवंडी बोलावला. सिमेंट की वॉटरप्रूफिंग, हे तिनं गवंड्याला विचारलं. इतकं सोपं असतं, हे एकाही पुस्तकात नाही.

राहिला राजकुमारचा फोन. तो एकाच माणसाकडे येणार आणि त्यानं काकांना कळवायचं. कोण? सगळे माझ्याकडे बघेनात, म्हणजे अगदी ठरवून बघेनात. तेव्हा श्रेया म्हणाली, “सरांकडे द्या. एकदा चुकलेत, आता चुकणार नाहीत.”

माझ्या प्रशासकीय अनुभवाचा आदर झाला, असं मी रात्री सुरेखाला म्हणालो. ती झोपली होती.

३० मार्च, रविवार

पाणी आलं. फोन आला. उचलला. काकांना कळवलं. शिट्टी. हौद भरला. माझं खातं सुरळीत चालू आहे. खात्याला मी मनातल्या मनात ‘दळणवळण मंत्रालय’ म्हणतो.

३ एप्रिल, गुरुवार

भेग बुजवण्यासाठी हौद रिकामा केला. गवंड्यानं प्लास्टर केलं. आता हौद कोरडा. राजकुमार म्हणाला, या वेळी नळ दोन दिवस आधी, शनिवारीच येईल. हौद भरेल, आणि रविवारी साखरपुडा. दुसरी संधी नाही. मुलाच्या मामानं कालच फोन करून विचारलं, हौद बघायला आधी आलो तर चालेल का?

आणि शनिवारी संध्याकाळी माझं व्याख्यान!

सुरेखा म्हणाली, फोनचं काम त्या दिवशी मी बघते. मी साफ नकार दिला. म्हणालो, दोन्ही करीन. तिनं उलटतपासणी घेतली. “बंद करणार नाही ना?” नाही. “व्हायब्रेटवर?” नाही. “पूर्ण आवाजात?” पूर्ण आवाजात. लग्नात इतक्या शपथा घेतल्या नव्हत्या.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी चार.

नळ अजून नाही. श्रेया गच्चीवर मांडवाच्या कनाती बांधते आहे. मी निघताना तिनं वरून विचारलं, “सर, चार्जिंग आहे ना?” दाखवलं.

व्याख्यान पक्कं आहे. पोलादी नेत्याला कुणी खरं सांगत नाही, भेगेचं उदाहरण. उदार नेत्याला सगळे खरं सांगतात, आणि तो— इथे उदाहरण कुठलं द्यावं, यावर दोन दिवस अडलो आहे. भेगेचंच द्यावं लागेल. मग निष्कर्ष. मग ‘उठा!’

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात. घरी.

क्रमानं लिहितो.

सभागृह जवळपास भरलेलं. बहुतेक औरंगपुऱ्यातले आणि आमच्याच भागातले. म्हणजे आमच्याच नळाच्या लाइनीवरचे. संयोजकांनी सांगितलं, कृपया मोबाईल बंद करावेत. सगळ्यांनी केले. मी माझा पूर्ण आवाजात करून माईकशेजारी ठेवला. संयोजकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बोललो. खरं सांगतो, चांगलं बोललो. म्हणालो, एका राज्यात सगळं राजाच्या डोक्यात होतं, म्हणून लोक घाबरून गप्प बसले आणि पाणी जमिनीत गेलं. दुसऱ्या राज्यात सगळं राजाच्या तोंडात होतं, म्हणून लोक ऐकत बसले आणि पाणी गटारीत गेलं. दोन्ही राजांनी आपापल्या घरात मात्र पाणी भरून ठेवलं होतं. लोक हसले. दुसरा राजा कोण, हे मी सांगितलं नाही. पहिल्या रांगेत अभय होता, त्यानं शेजाऱ्याच्या कानात सांगितलं. शेजाऱ्यानं मागच्याच्या. मग सगळेच हसले. मीही हसलो, काय करणार.

आणि मग ते वाक्य. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी थांबलो. आवाज खाली घेतला. सभागृह चिडीचूप. ‘म्हणून, देशाला असा नेता हवा, जो—’

फोन वाजला.

पूर्ण आवाजात, माईकमधून. राजकुमार.

समोर वाक्य अर्धं. बोटभर अंतरावर निष्कर्ष. दोन सेकंद मला वाटलं, वाक्य पूर्ण करावं, सातच शब्द आहेत. मग श्रेयाचा गच्चीवरून वाकलेला चेहरा आठवला. उचलला. “सर, लाइन सोडली.” तिथूनच, माईकसमोरच काकांना लावला. “काका, आलं.” पलीकडून, “व्हय, निघालो.” आणि लगेच शिट्टी. ती माईकमधून सभागृहभर घुमली. डेपोची शिट्टी ती.

लोक माझ्याकडे बघत होते. आमच्याच लाइनीवरची सगळी माणसं, सगळ्यांचे फोन बंद. कुणाच्या तरी गटारीत आत्ता, या क्षणी, स्वच्छ पाणी जात होतं.

मी आयुष्यातलं सर्वात छोटं आवाहन केलं आणि सभागृह उठलं. एका वाक्यावर. शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत, चपला न शोधता. अभय माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणायला म्हणून उठला, तो गेला तो गेलाच. दोन मिनिटांत व्यासपीठावर मी, आणि खाली वायरी गुंडाळणारा माईकवाला. त्यानं विचारलं, “सर, ते नेता कसा पाहिजे, ते राहिलंच की.” मला आठवेना.

घरी आलो. हौद भरला आहे. भेगेतून थेंब नाही. आवडाबाईंनी पैठणला फोन करून मामाला पाण्याचा आवाज ऐकवला. मामा म्हणाला, ठीक हाये, येतो.

श्रेयानं जिन्यात विचारलं, सर, भाषण कसं झालं? मी म्हणालो, ऐतिहासिक. लोक उठले. तिनं विचारलं, काय बोललात एवढं? ते इथे जसंच्या तसं नोंदवून ठेवतो:

‘बंधू-भगिनींनो, पाणी आलंय, उठा, घरी जा आणि आपापला व्हॉल्व्ह उघडा.’